वहीत नसलेला डॉक्टर

ब्राद्रेचे,
१४ सप्टेंबर १९९३

इलारियनदादा,

सहा महिने पत्र नाही आणि काम पडल्यावर बरी आठवण झाली, असं ओल्गावहिनी म्हणणार. म्हणू दे. खरंच आहे ते.

काम असं आहे. गावरिलची कंबर जूनपासून दुखतेय. तीस वर्षं लाकूड कारखान्यात ओंडके उचलले, दुखायचीच, असं आम्ही धरून चाललो. म्हातारे डॉक्टर ग्रोझा निवृत्त झालेत, पण घरी बघतात. त्यांनी मलम दिलं, मी महिनाभर चोळलं, माझेच हात दुखायला लागले. शेवटी गेल्या गुरुवारी इस्पितळात नेलं. दोन वर्षं तिथे धड डॉक्टर नव्हता. या वसंतात एक आलाय, सेव्हर मेलिंते नावाचा. पोरगेलासा आहे, मान लांब, कोट अंगाला मोठा.

त्याने गावरिलला आडवं केलं आणि पोट दाबून बघितलं. कंबर दुखते सांगितलं तरी पोटच दाबत बसला. मग म्हणाला, "काका, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय. फुटली तर मला इथे काहीच करता येणार नाही. महिन्याच्या आत याशला जाऊन ऑपरेशन करून घ्या. मी प्रोफेसरांना चिठ्ठी देतो. तोवर जड उचलायचं नाही."

पण खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी रीतीप्रमाणे कोंबडी घेऊन गेले, चांगली लठ्ठ, आणि ऑरिकाने माहेरी येताना आणलेलं कॉफीचं पाकीट. तर हा मला फाटकापर्यंत पोचवायला आला आणि कोंबडी पाकिटासकट माझ्याच काखेत परत दिली. "मावशी, घरी न्या. काकांना सूप करून घाला." सगळी रांग बघत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. या इस्पितळात कोणी कोंबडी परत केल्याचं मी जन्मात पाहिलं नाही.

शेजारच्या जिल्ह्यात एक पकडला गेला होता, तुझ्या कानावर असेलच. चार वर्षं लोकांना औषधं देत होता, आणि निघाला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

तू चौतीस वर्षं मेडिकलच्या दप्तरात काढलीस. पास झालेल्यांच्या वहीत हा आहे का, एवढं बघ. तू खरा म्हणालास तर मी गावरिलला दुसऱ्या दिवशी गाडीत घालून आणते. नवऱ्याचं पोट कुणाच्या शब्दावर कापायला द्यायचं, तेवढं मला कळू दे.

तुझी,
सावेता


याश,
२१ सप्टेंबर १९९३

सावेता,

ओल्गा तेच म्हणाली, अगदी शब्दाला शब्द.

काळजी करू नकोस. तू योग्य दार ठोठावलं आहेस. त्या वह्या माझ्या लेकरांसारख्या आहेत. गेल्या वर्षी निवृत्त झालो तरी कुठली वही कुठल्या फळीवर, ते झोपेत सांगेन.

आता कोंबडीचं. हसून हसून पुरे झालं आम्हाला. अगं, आपल्या देशात कोंबडी बघून डॉक्टर हात मागे घेतो तो दोनच वेळा. एकतर तो डॉक्टर नसतो, नाहीतर पेशंट उरणार नसतो. आमचा गावरिल तर बैल आहे बैल, तेव्हा राहिलं पहिलंच कारण. हे त्याला वाचून दाखव, कंबर विसरून हसेल.

एक गोष्ट कळव. नावं पदवीच्या वर्षाप्रमाणे लावलेली असतात. त्याला सरळ विचार, कुठल्या साली पास झालास. साल मिळालं की पाच मिनिटांचं काम.

तुझा,
इलारियन


ब्राद्रेचे,
२९ सप्टेंबर १९९३

दादा,

साल काही विचारवलं नाही. कसं विचारणार? तुम्ही माझ्या नवऱ्याला तपासलंत, आता मी तुम्हाला तपासते, असं? तोंडच झालं नाही. पण नर्सकडून वय काढलं. एकतीस पुरं. तू हिशेब कर.

तुझं पत्र गावरिलला वाचून दाखवलं. हसला. मग बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला.

आणि ऐक, परवा काय झालं. हा मेलिंते न बोलावता आमच्या अंगणात हजर. चालत आला, बूट चिखलाने भरलेले. गावरिलच्या हातात कुऱ्हाड बघून पांढराफटक पडला. कुऱ्हाड काढून घेतली, भिंतीला टेकवून ठेवली. मला म्हणाला, "मावशी, कधी जाताय?"

मी म्हटलं, "अहो, कोबी खारवायला घालायचाय पिंपात. हिवाळा तोंडावर आलाय."

"कोबी थांबेल."

"तुमच्या घरी थांबत असेल."

त्याने चिठ्ठी पुन्हा एकदा लिहून दिली, पहिली हरवली असेल म्हणून. गेला तेव्हा शेजारची आंका कुंपणावरून म्हणाली, "कुठला डॉक्टर चालत येतो गं, बोलावल्याशिवाय? याला गिऱ्हाईक नाही वाटतं." मला पटलं तिचं. ग्रोझांना तीनदा निरोप धाडल्याशिवाय ते खुर्चीतून उठायचे नाहीत, आणि ते डॉक्टर होते.

गावरिल मात्र म्हणतो, पोरगा भला आहे. भला असेल. भलेपणाने पोट कापता येत नाही.

दादा, त्याने सांगितलेल्या महिन्यातले वीस दिवस गेले. लवकर बघ. मी इथे ना धड त्याच्यावर विश्वास ठेवू शकत, ना धड त्याला झिडकारू शकत.

सावेता


याश,
९ ऑक्टोबर १९९३

सावेता,

बसून वाच.

मी स्वतः जाऊन आलो. एकतीस वय म्हणजे पंचविसाव्या वर्षी पास, म्हणजे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. मी पान न् पान उलटलं. पुढचंमागचं वर्षही सोडलं नाही. मेलिंते नावाचा कोणी नाही. माझ्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत त्या, माझ्या नजरेतून नाव सुटत नाही, हे सगळं खातं कबूल करतं.

मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. आता नीट ऐक. त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. त्याची चिठ्ठी घेऊन कुठल्या प्रोफेसरकडे गेलात तर लोक तुम्हालाच हसतील. घाबरवून सोडणं ही या लोकांची जुनी युक्ती आहे. घाई त्याने लावली होती, ती गेली. कोबी घाला, सेंट दुमित्रूचा सण उरका, मग गावरिलला इकडे घेऊन ये. मी माझ्या ओळखीच्या खऱ्या डॉक्टरला दाखवतो. कंबरच निघेल.

गावातल्या लोकांनाही सावध कर. ते तुझं कर्तव्य आहे.

इलारियन


ब्राद्रेचे,
१६ ऑक्टोबर १९९३

दादा,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग तीन तास सलग झोपले. महिन्यात पहिल्यांदा.

मी फक्त आंकाला सांगितलं. पण आंकाला सांगणं आणि चर्चच्या घंटेला सांगणं एकच. दोन दिवसांत पावाच्या रांगेत हाच विषय. बुधवारी नगराध्यक्षांकडे अर्ज गेला, त्रेचाळीस सह्यांचा. पहिली माझी. सगळे म्हणाले, तुझीच हवी पहिली, तुझ्याच माणसाला तो कापायला निघाला होता. इस्पितळात आता कुत्रं फिरकत नाही. काल तो मला बेकरीसमोर दिसला. मी रस्ता ओलांडला. तो तिथूनच म्हणाला, "मावशी, माझ्यावर विश्वास नसेल तर दुसऱ्या कुणाला दाखवा. पण दाखवा." मी मागे वळून पाहिलं नाही.

गावरिलला सांगितलं की तो खोटा निघाला. मला वाटलं, सुटका झाली म्हणून नाचेल. तो नुसता म्हणाला, "असं लिहिलंय का इलारियनने? बरं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दादा, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या माणसाने दिवसाढवळ्या माझ्या डोक्यावरून हात फिरवलेला नाही. मी म्हटलं, बरं वाटत नाही का? म्हणाला, कोबीचं पिंप धुऊन ठेव.

सत्तावीसला सकाळच्या गाडीने निघतो. ओल्गावहिनीला म्हणावं, गादी जाड टाक त्याच्यासाठी.

सावेता


ब्राद्रेचे,
३१ ऑक्टोबर १९९३

इलारियनदादा,

तार मिळाली असेल. तू दफनाला आला नाहीस. ताप होता असं ओल्गावहिनीने कळवलं. ठीक आहे.

शनिवारी तेवीस तारखेला दुपारी बाराला गावरिल भरलेलं पिंप तळघराकडे सरकवत होता. मी ओरडले, थांब, ऑरिकाचा नवरा येईल संध्याकाळी. त्याने ऐकलं नाही. मग खाली बसला. मला वाटलं, दमला. तोंड पाहिलं तर मातीच्या रंगाचं.

आंका इस्पितळाकडे धावली. मी नव्हतं सांगितलं, ती आपण होऊन धावली. मेलिंते रस्त्यावरून पळत आला, पांढऱ्या कोटात, सगळ्या गावासमोर. चिखलात गुडघे टेकून त्याने गावरिलच्या पोटावर दोन्ही हात दाबून धरले. मी त्याची बाही धरून ओढली. म्हटलं, "हात लावू नकोस माझ्या माणसाला, खोटारड्या." कोटाची शिवण उसवली. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आंकाला म्हणाला, "जिल्ह्याची गाडी मागवा. रक्त लागेल म्हणावं." गावरिल म्हणाला, "सावेता, सोड त्याला. पोराला काम करू दे."

त्यानंतर तो बोलला नाही. गाडी यायला दीड तास लागला. तेवढा वेळ तो मेलिंते हात न काढता बसून होता, गावरिल गेल्यावरही थोडा वेळ.

दफनाला तो फाटकाबाहेर उभा राहिला, टोपी हातात घेऊन. मी दिराला सांगून त्याला घालवून दिलं.

काल जिल्ह्याहून कागद आला. त्यांनी पोट उघडून पाहिलं होतं. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली, असं लिहिलंय. मी तो कागद ऑरिकाकडून चार वेळा वाचून घेतला. हे तेच आहे, दादा. शब्दसुद्धा तेच आहेत. खोटा माणूस इतकं खरं कसं बोलला, सांग मला.

पुन्हा जा. पुन्हा बघ. आणि जे असेल ते लिही.

सावेता


याश,
९ नोव्हेंबर १९९३

सावेता,

हे पत्र मी पाचव्यांदा लिहितोय. ओल्गाला दाखवलेलं नाही.

ताप नव्हता मला. तुझ्या तारेनंतर मला तुझ्यासमोर उभं राहवेना, का ते तेव्हा मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आता सांगता येईल.

ऑक्टोबरात मी गेलो होतो, एवढं खरं. पण वह्या आता तिसऱ्या मजल्यावर हलवल्यात, आणि माझे गुडघे तू पाहिलेस. खाली जी नवी बाई बसते तिने मला ओळखलं नाही. चौतीस वर्षं ज्या खुर्चीवर मी बसलो त्या खुर्चीवरून ती म्हणाली, "आजोबा, बाहेर थांबा." मी तिला कॉफीचं पाकीट दिलं, तिने घेतलं, वर जाऊन आली, म्हणाली, "सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नाही." मी निघून आलो. पान न् पान उलटलं असं तुला लिहिलं ते खोटं होतं. मी एकही पान उलटलं नाही. पुढचंमागचं वर्ष बघितलं तेही खोटं. मला तुला सांगायचं नव्हतं की मला तिथे आता कोणी आत घेत नाही.

काल मी वर गेलो. जिना चढायला अर्धा तास लागला. मेलिंते सेव्हर, पदवी एकोणीसशे एक्क्याण्णव, वर्गात तिसरा. मी त्याची फाइलही काढायला लावली. तीनदा प्रवेश परीक्षेत नापास झाला, चार वर्षं इस्पितळात स्ट्रेचर ओढले, मग चौथ्या खेपेला आत आला. म्हणून उशीर. म्हणून एकतीस.

आणि सावेता, एक्क्याण्णवला मी नोकरीत होतो. नाव माझ्याच अक्षरात आहे. 'म'ला मी देतो तो गोल वळसाही आहे. मी त्याला वहीत लिहिलं, शाई टिपली, आणि तो वहीत नाही असं तुला कळवलं.

क्षमा माग असं स्वतःला म्हणतो आणि लाज वाटते, कारण क्षमा मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल. तू काही देऊ नकोस. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी यावं की नाही, एवढंच सांग.

इलारियन


ब्राद्रेचे,
२० नोव्हेंबर १९९३

इलारियन,

'दादा' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते. पुढे कधी वळला तर बघू.

तुझं पत्र मी ऑरिकाला दिलं नाही. मीच वाचलं, दोन दिवस लागले. मग मी तिला माझा भाग सांगितला. बाहीचं, अर्जाचं, रस्ता ओलांडल्याचं. तिला सातवा महिना आहे, तरी सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आई, बाबांना तो कधीच खोटा वाटला नव्हता."

सप्टेंबरात मी तुझं पत्र गावरिलला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आठवतं? एकतर तो डॉक्टर नसतो, नाहीतर पेशंट उरणार नसतो. तो हसला होता. त्याच संध्याकाळी त्याने ऑरिकाला सांगितलं, "तुझ्या मामाने दोन कारणं लिहिलीत, त्यातलं दुसरं खरं आहे. पोरगा डॉक्टर आहे, त्याचे हात कळतात. मी उरणार नाही म्हणून त्याने घेतलं नाही. मग कापून घेऊन परक्या शहरात कशाला मरू? आईला बोलू नकोस. तो खोटा आहे असं तिला वाटतंय ना, वाटू दे. तेवढीच तिला आशा." ऑरिकाने शपथ पाळली. आता ती स्वतःला खातेय. असं आमचं घर झालंय. मला वाटत होतं तो खोटा, गावरिलला वाटत होतं आपण मेलो, आणि पोरगी दोघांच्या मधे तोंड मिटून उभी. याशची गाडी रोज सकाळी सुटत होती.

मी इस्पितळात गेले. रांग नव्हतीच, पाच-सहा बाया बाकावर होत्या. त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणाले, हा खरा डॉक्टर आहे, माझ्या नवऱ्याबद्दल खरं बोलला होता, मी ऐकलं नाही. सगळ्या जमिनीकडे बघत राहिल्या. त्या सगळ्यांच्या सह्या आहेत त्या अर्जावर.

तो आत खोकी बांधत होता. आरोग्य खात्याने त्याचे कागद तपासले, सगळे बरोबर निघाले, पण त्याने बदली मागून घेतलीय. महिनाअखेरीस जाणार. मी विचारलं, त्या ऑपरेशनातून किती जगतात. त्याला सांगायचं नव्हतं. मी दारातून हलले नाही. मग म्हणाला, "वेळेवर गेले तर दहातले नऊ."

मी म्हटलं, "मग माझी कोंबडी का घेतली नाहीत हो? घेतली असतीत तर तो याशला गेला असता. तुम्ही घेतली नाहीत म्हणून त्याने स्वतःला मेलेला धरलं."

त्याला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं, तुझी थट्टासुद्धा. तो खोक्यावर बसला. हात मांडीवर उलटे पडले होते, मला तेच दिसत राहिले. म्हणाला, "मला वाटलं, घेतलं नाही तर तुम्हाला माझा भरवसा वाटेल." आणि मग, "मावशी, कुणीतरी मला सांगायला हवं होतं. मी घेतली असती."

तो रडला. एकतीस वर्षांचा पोरगा, माझ्यासमोर. मला त्याला जवळ घेता आलं नाही. कुठल्या तोंडाने घेणार?

तू विचारलंस, यावं की नाही. ये. एक डिसेंबर, बुधवार, प्रार्थना दहाला. ओल्गावहिनीला आण. तुझं पत्र मी जपून ठेवलंय, जाळलेलं नाही, पण ते मी ऑरिकाला वाचून दाखवणार नाही. माझा भाग मी तिला तोंडाने सांगितला. तुझा तू सांग, तिच्याकडे बघून. ती रोज मला विचारते, मामा तर म्हणाले होते ना, पान न् पान पाहिलं. मी रोज तिला म्हणते, मामा आले की विचार.

सावेता